अण्णांच्या फियाटला बसवलेलं चुंबक

मुलुंड (पश्चिम)
१४ एप्रिल १९८६

रा. रा. चंद्रप्रकाशराव, मु. अंधेरी यांस,

चुंबक पोचलं. उत्तराने पाडव्याला आणून दिलं, लाल कागदात गुंडाळून, वर रिबीन बांधून. माझी बहीण पूर्वी माहेरी येताना श्रीखंडाचा डबा आणायची, आता लोखंड आणते.

हे पत्र मी आपखुशीने लिहीत नाही. अण्णा म्हणाले, "जावयांका पोच कळव." वडिलांनी सांगितलं म्हणून लिहितो. आणि 'तुम्ही' म्हणून लिहितो, कारण आता तुम्ही अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत गाळा घेतलेले मालक आहात. तसं तुमच्या पत्रकावरच छापलंय. माझ्याबरोबर एकाच बॉनेटखाली डोकं घालून काम करणारा, मी पाना फिरवला की न सांगता दिवा पुढे करणारा चंदू कोणी वेगळाच असावा.

अण्णांनी गॅरेजमधल्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मला हाक मारली. "शिवदास, जावयांचा यंत्र माझ्या गाडयेक बसव." मी बसवलं. पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीवर दोन्ही तुकडे धरले आणि स्क्रू आवळला. दोन मिनिटांचं काम. अण्णा मात्र मांडवात नवरदेव आल्यासारखे उभे होते.

तुमचं पत्रक मी वाचलं. चुंबकातून गेलं की पेट्रोलचे कण म्हणे सरळ रांगेत उभे राहतात आणि मग पुरते जळतात. शाळेत प्रार्थनेला पोरं उभी करतात तसे. आपण दोघांनी नळ्या लावून तोंडाने एवढं पेट्रोल ओढलं, कधी तोंडात रांगेत आल्याचं मला तरी आठवत नाही.

बॉनेट उघडलंच होतं म्हणून प्लग साफ केले, जेट फुंकून घेतला, डिस्ट्रिब्युटर उघडून पॉइंट बघितले. त्याचा तुमच्या चुंबकाशी संबंध नाही. बॉनेट उघडलं की गाडीवर हात फिरवल्याशिवाय बंद करायचं नाही, हा अण्णांचा नियम तुम्ही विसरला असाल, मी विसरलो नाही. पॉइंटची फटही अजून त्यांच्याच पद्धतीने लावतो. फट मोजायचं फिलर गेज नाही, पोस्टकार्डाची पट्टी दुमडून आत घालायची, ती अडखळत गेली पाहिजे. कंपनीत शिकून आलेले लोक हसतात. हसोत.

तुम्ही गॅरेज सोडलंत त्याला दोन वर्षं होतील. जाणाऱ्याला कोणी धरून ठेवत नाही. पण मला ते कळलं कसं, तर एका टॅक्सीवाल्याने वायपरखाली अडकवलेलं तुमचं पत्रक आणून दाखवलं तेव्हा. मेहुण्याला नाही, निदान जोडीदाराला तरी आधी सांगायचं असतं.

असो. महिनाभर गाडी चालू दे. अण्णांच्याच तोंडून निकाल ऐकवीन.

शिवदास

—

मुलुंड
२० मे १९८६

चंद्रप्रकाशराव,

निकाल ऐकवतो म्हटलं होतं म्हणून लिहितो, नाहीतर लिहिलं नसतं.

अण्णांच्या गाडीचं ॲव्हरेज वाढलं. लिटरमागे चांगलं दोन किलोमीटरने. पिकअपही सुधारला. पवईचा चढ आता तिसऱ्या गिअरमध्ये घेते, हे अण्णा पानवाल्याला, दूधवाल्याला आणि देवळाच्या पुजाऱ्याला सांगून आलेत. पुजाऱ्याकडे सायकल आहे.

तुम्हाला आनंद झाला असेल. मला नाही झाला. खोटं कशाला लिहू?

झालंय असं, की आता जो येतो तो चुंबक मागतो. पेट्रोल परत महाग झालंय, त्यामुळे लोकांना काहीही पटतं. घाटकोपरचा अंबादास टॅक्सीवाला, ज्याची गाडी मी दहा वर्षं बघतोय, तो तुमच्याकडून चुंबक घेऊन आला आणि मला म्हणतो, "शिवदासशेठ, जरा नीट बसवून द्या, तुमचे भावजी आहेत ना?" बसवलं. गाडीवर हात फिरवून दिली. आठवड्याने आला तो पेढे घेऊन. पेढे कोणासाठी? तुमच्यासाठी! मला म्हणाला, अंधेरीला पाठवा. ते आम्ही खाल्ले.

मी कार्बोरेटर उघडायचा, ब्लेडने काजळी खरवडायची, हाताला पेट्रोल लागून कातडी सोलवटायची आणि नाव तुमचं. इतकी वर्षं मी गाड्या बऱ्या करून दिल्या, कोणी पेढा आणला नाही. गाडी नीट चालली तर ती कंपनीची चांगली, बिघडली तर शिवदासने बिघडवली. आता लोखंडाचे दोन तुकडे आले आणि त्यांची आरती सुरू झाली.

पेपरात तुमचा फोटो आला. सफारी सूट, हातात चुंबक. अण्णांनी तो कापून गॅरेजमध्ये गणपतीच्या तसबिरीशेजारी डकवला. सकाळी मी उदबत्ती ओवाळतो ती तुम्हालाही लागते. सुगंधा म्हणाली, "अहो, तुम्ही एवढे जळताय, त्यावर एखादी गाडी घाटकोपरपर्यंत जाईल." माझ्या बायकोला माझ्यापेक्षा माझ्या नणंदेच्या नवऱ्याचं, म्हणजे तिच्या नणंदेच्या नवऱ्याचं कौतुक. बघा, धड लिहिताही येत नाहीये.

आणि मुद्द्याची गोष्ट. काल अण्णांनी चारचौघांत सांगितलं की दसऱ्याला गॅरेजवर नवा बोर्ड लागणार. तुमच्या चुंबकाचा. गॅरेज तुमची एजन्सी होणार. मला विचारलं नाही. मी तिथेच बसलो होतो, टायरची ट्यूब पाण्यात धरून.

माझ्या जन्माआधीपासून दारावर 'दत्ताराम मोटर गॅरेज' आहे. माझं नाव कधी लागलं नाही, मी मागितलंही नाही. पण तुमचं लागणार असेल तर मी त्या बोर्डाखालून आत जाणार नाही. हे अण्णांना बोलायची माझी छाती नाही, म्हणून तुम्हाला लिहितो.

शिवदास

—

मुलुंड
१६ जून १९८६

चंद्रप्रकाश,

पत्ता लागला. गाड्या सुधारतात त्या तुझ्या चुंबकाने नाही, माझ्या हाताने. आता अहो-जाहो बंद. तू लबाड आहेस. मुद्दाम पोस्टकार्डावर लिहितोय, तुझ्या पोस्टमननेही वाचावं आणि शेजाऱ्यांना सांगावं. सविस्तर मागाहून.

शिवदास

—

मुलुंड
३ जुलै १९८६

चंद्रप्रकाश,

पोस्टकार्डाचं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. आता सविस्तर ऐक.

आमच्या इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका वसुधाबाई, पांढरी फियाट, तुला माहीत आहेत. त्यांनी मार्चमध्ये तुझ्या गाळ्यावरच चुंबक बसवून घेतलं. तुझ्या माणसाने बसवलं, स्क्रू आवळला, पाठवून दिलं. तीन महिने काही फरक नाही. बाई समजूतदार, गप्प राहिल्या. जूनमध्ये गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देते म्हणून माझ्याकडे आल्या. मी सवयीने सगळ्यावर हात फिरवला. पॉइंट घासले, फट लावली, टायमिंग बघितलं, टायरात हवा भरली.

पुढच्या सोमवारी बाई हसत आल्या. "शिवदास, चुंबक मुरलं हो!" म्हणाल्या. म्हणजे लोणच्यासारखं. तुझ्या पत्रकात तसं आहे म्हणे, परिणाम दिसायला काही काळ लागतो.

मी चहा घेत होतो. चहा तसाच गार झाला. मी एकेक गाडी आठवत गेलो. अण्णांची, अंबादासची, डॉक्टरांची, त्या भांडुपच्या लाकूडवाल्याची. ज्या ज्या गाडीला तुझं चुंबक लागू पडलं ती प्रत्येक गाडी माझ्या हाताखालून गेलेली. चुंबक लावायला बॉनेट उघडतो मी आणि उघडलं की राहवत नाही. तुझी जाहिरात मीच करतोय, फुकट, महिनोन्‌महिने! मुलुंडमध्ये तुझं नाव झालं ते माझ्यामुळे. हसू नकोस. की हसतोच आहेस?

मी त्याच दिवशी अण्णांना सांगणार होतो. गेलो जवळ. ते अंबादासला सांगत होते, "आमचे जावय म्हणजे डोक्यान हुशार." मी परत फिरलो. मी सांगितलं असतं तर अण्णांना वाटलं असतं, पोरगा जळतो. जळतोच आहे, पण तरी खरं ते खरं ना?

तेव्हा मी ठरवलंय ते असं. आजपासून अण्णांच्या गाडीला मी हात लावणार नाही. बॉनेट उघडणार नाही. तुझं चुंबक आहे ना आत? चालव म्हणावं त्याने. दसऱ्यापर्यंत गाडी आपोआप बोलेल, मला बोलावं लागणार नाही. दसऱ्याला तो बोर्ड घेऊन पेंटर येईल तेव्हा अण्णांनीच त्याला परत पाठवलेलं मला बघायचंय.

सुगंधाला हे सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "भावोजींना धडा शिकवायचा तर त्यांच्या गाडीवर शिकवा. मामंजींची कशाला?" बायकांना यातलं कळत नाही.

शिवदास

—

मुलुंड
२१ ऑगस्ट १९८६

चंद्रप्रकाश,

परवा नारळी पौर्णिमेला उत्तरा येऊन राखी बांधून गेली. नारळीभात खाल्ला, तुझ्या घरातल्या रंगीत टीव्हीचं वर्णन ऐकलं, तुला आता दिल्लीच्या प्रदर्शनात बोलावलंय तेही ऐकलं. मी म्हटलं, छान. सुगंधा म्हणते मी 'छान' असं म्हटलं की समोरच्याला शिवी ऐकू येते. उत्तराने विचारलं, "दादा, तू अंधेरीला कधी येणार? हे विचारत असतात." मी विषय बदलला. तू विचारत असतोस हे खरं असेल तर पत्र लिहायला तुला काय धाड भरली आहे?

गाडीचं सांगतो. सातव्या-आठव्या दिवशीच आवाज बदलला. दुसऱ्या कोणाला कळला नसता. मग सकाळी सुरू व्हायला दोनदा-तीनदा चावी. आता मिसिंग मारते. अण्णा रोज गाडी काढतात तेव्हा मी आत स्टुलावर बसून दुसऱ्याच्या गाडीचा ब्रेक उघडत असतो आणि कान त्यांच्या सायलेन्सरकडे. पॉइंटची फट वाढली आहे, तिसरा प्लग तेल खातोय. नुसत्या आवाजावरून सांगतो. पाच मिनिटांचं काम आहे. हात शिवशिवतात, मी ते खिशात घालतो.

एकदा गाडी फाटकातच बंद पडली तेव्हा अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चुंबक आहे ना." ते मान हलवून परत चावी फिरवायला लागले.

मला वाटलं होतं, गाडी बिघडली की मला बरं वाटेल. थोडं वाटलंही. अंबादासने परवा विचारलं, "दत्तारामशेठ, काय म्हणतंय चुंबक?" तर अण्णा म्हणाले, "झकास!" गाडी खोकत होती आणि हे म्हणतात झकास. चाकं निखळून रस्त्यावर पडली तरी हा माणूस तुझं वाईट बोलणार नाही. माझं चांगलं त्यांनी कधी बोललेलं मला आठवत नाही. सुगंधा म्हणते, आमच्या लग्नात एकदा बोलले होते. मी ऐकलं नाही, मी तेव्हा पंगतीत वाढत होतो.

गेल्या रविवारी तुमच्याकडून परत येताना गाडी पवईच्या चढावर बंद पडली, हे तुला उत्तराने सांगितलंच असेल. पावसात. तुझी माणिक मागच्या सीटवर. दोन माणसांनी ढकलत वर नेली. अण्णा घरी आले ते भिजून, आणि पोरीला दोन दिवस आमच्याकडेच ठेवली. सुगंधाने ताट आपटून ठेवलं आणि म्हणाली, "त्या गाडीत तुमचा बाप बसतो. आणि पोर. एवढं दिसत नाही का तुम्हाला?"

दिसतं. पण आता हात लावला आणि गाडी चालायला लागली, तर ती परत तुझ्याच नावावर चालेल. हे तू समजू शकतोस. दुसरं कोणी नाही समजणार, म्हणून तुला लिहितोय. काय वेळ आली आहे बघ.

शिवदास

—

मुलुंड
२२ सप्टेंबर १९८६

चंदू,

गाडी सुधारली.

मी हात लावलेला नाही. गणपतीची शपथ, आत्ताच विसर्जन झालंय त्याचं. गौरीच्या आदल्या रविवारी अण्णा तुमच्याकडून जेवून परत आले तेव्हा मी फाटकातच होतो. गाडी वळून आत आली आणि मला घाम फुटला. एकसारखा आवाज. शिलाई मशीनसारखा. एकही ठोका चुकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या चावीला सुरू.

मी दोन रात्री नीट झोपलो नाही. म्हणजे मुरलं म्हणायचं का? म्हणजे तूच खरा का? मग मी पहिल्यापासून चुकलो, वसुधाबाई बरोबर, पेट्रोल खरंच रांगेत उभं राहतं आणि मी अडाणी मिस्त्री पोस्टकार्डं दुमडत बसलोय.

हसशील, तरी सांगतो. माळ्यावरच्या जुन्या रेडिओचा स्पीकर फोडून मी त्यातलं चुंबक काढलं आणि माझ्या लॅम्ब्रेटाच्या पेट्रोलच्या नळीला सुतळीने बांधलं. चार दिवस चालवली. काही नाही. सुगंधाने ते बघितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला. चुंबक सोडून दिलं आणि देव्हाऱ्यामागे लपवलं. तेही तिला सापडलं.

तुझ्या हाताला यश आहे, माझ्या नाही. असंच म्हणायचं ना? पहिल्यापासून तसंच आहे. पतंग तुझा उडायचा, मांजा मी धरायचो. उत्तरा माझी बहीण, पण माझ्या हातचा चहा तिला पाणचट लागायचा आणि तू केलेला कडक. अण्णा तुला चंदू म्हणायचे, मला 'अरे' म्हणायचे.

पेंटर येऊन मोजमाप घेऊन गेला. अण्णा त्याला बाजूला घेऊन बराच वेळ सांगत होते. वरची ओळ मोठी, ठळक, तांबड्या रंगात, एवढं मला ऐकू आलं. 'चंद्रप्रकाश' हा शब्द लांब आहे, पेंटर म्हणाला, बोर्ड वाढवावा लागेल. अण्णा म्हणाले, वाढव.

मानखुर्दला एका वर्कशॉपमध्ये फोरमन हवा आहे. मी बोलून आलोय. दसऱ्याची पूजा झाली की जाईन. सुगंधाला अजून सांगितलेलं नाही, तू उत्तराला सांगू नकोस. बोर्ड लावताना शिडी धरायला मात्र मी थांबणार नाही. तुझा माणूस पाठव.

शिवदास

—

मुलुंड
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९८६

चंदू,

हे पत्र पाकिटातून पाठवतोय, कारण आत आणखी एक वस्तू आहे. ती शेवटी बघ, आधी वाच.

खंडेनवमीला नेहमीप्रमाणे हत्यारं धुवून मांडली. पाने, जॅक, हातोडे, सगळ्यांना हळदकुंकू. मग अण्णांची गाडी पुढे घेतली, तिलाही हार घालायचा असतो. या गॅरेजमधली शेवटची पूजा, असं मनाशी म्हणालो आणि बॉनेट उघडलं. जुलैनंतर पहिल्यांदाच.

नळीवर चुंबक नव्हतं.

मी खाली वाकून बघितलं, पडलं असेल म्हणून. नळीवर चुंबकाच्या तुकड्यांची खूण तेवढी होती, त्यावरही धूळ बसलेली. मग मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. पॉइंट चकचकीत घासलेले. आणि झाकणाच्या कडेला, घाईत विसरलेली, एक दुमडलेली पोस्टकार्डाची पट्टी.

ती मी सरळ केली. निळी शाई, माझं अक्षर. 'लबाड आहेस' मधलं 'लबाड' अख्खं, आणि मागच्या बाजूला 'अंधेरी (पूर्व)'.

मी तिथेच मडगार्डवर टेकलो. सुगंधा नारळ घेऊन आली, तिने विचारलं काय झालं. मी पट्टी तिच्या हातात दिली. तिने वाचली आणि मला म्हणाली, "बघा, भावोजींनी तुमचं पत्र कामाला लावलं." आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकांना यातलं कळतं, मला नाही कळत.

अण्णा दाराशी त्यांच्या खुर्चीत बसले होते. पुढ्यात पत्र्याचं ताट, त्यात नटबोल्टांचा ढीग. हातात तुझं चुंबक. ते ताटावरून फिरवत होते, लोखंडी स्क्रू उचलले जात होते, पितळी खाली राहत होते. गेले दोन-तीन महिने ते तसे बसायचे आणि मी एकदाही त्यांच्या हातात काय आहे ते बघितलं नव्हतं. तुझं काही बघायचंच नव्हतं मला.

मी विचारलं, हे गाडीवरून कधी काढलंत?

"तू हात लावीत नाय म्हटल्यावर मीच बॉनेट उघडलंय," अण्णा म्हणाले. "पॉइंटाचो स्क्रू हातातसून पडलो. माका खंय दिसता आता? म्हणान ह्या काढलंय नि फिरवलंय, तर स्क्रू गावलो. पण फट काय माका लावूक जमली नाय."

चंदू, मी आत ब्रेक उघडत बसलो होतो तेव्हा. म्हातारा बाहेर एकटा बॉनेटमध्ये वाकून स्क्रू शोधत होता.

मी म्हटलं, मग परत का नाही बसवलंत?

"कित्याक? हंय बरा पडता."

आणि चंदूने गाडी बघितली?

"बघल्यान. तू बघूक नाय, तेना बघल्यान. जेवान झाल्यार खाली गेलो नि हात काळे करून इलो. माका काय्येक बोललो नाय, मीय विचारूक नाय."

मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, तुम्हाला ठाऊक होतं की गाडी चुंबकाने चालत नाही, तरी लोकांना रोज जावयाचं कौतुक सांगत राहिलात? मी काय वाईट केलं होतं?

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शाळेतलं पोर आहे. "मेल्या, जावयाचा कौतुक चार लोकांत करूचा लागता. चेडू दिलंव त्यांका. सोताच्या झिलाचा करूक लागलंय तर लोक हसतले माका. तू घरचो."

एवढंच. परत स्क्रू उचलायला लागले. इतकी वर्षं ज्यासाठी तडफडलो ते हे असं मिळालं, 'तू घरचो'. माझं समाधान झालं का? खरं सांगू, पुरतं नाही झालं. मी हिशेब मांडत बसलो. जुलैपर्यंत गाडी चालली ती माझ्या हाताने, तेव्हाचं कौतुक माझं. पण गौरीपासून पुढचं? ते तुझंच. चुंबकाचं नाही, तुझं. मला तेही आवडलं नाही. स्वभाव आहे.

पण एका गोष्टीवर येऊन मी अडकतो. तू बॉनेट उघडलंस तेव्हा तुलाही दिसलं असणार की सासऱ्याने तुझं चुंबक काढून टाकलंय. ज्या गाडीच्या नावावर मुलुंडमध्ये तुझा धंदा चालतो, त्याच गाडीत. तुझ्या जागी मी असतो तर बॉनेट आपटून वर गेलो असतो. तू खिशातून माझी शिवी काढलीस, फाडलीस, दुमडलीस आणि फट लावलीस. ते कार्ड तू जूनपासून खिशात घेऊन फिरत होतास, की टाकाऊ म्हणून तुझ्या घरात कुठे पडलं होतं, हे मला समजत नाही. सुगंधा म्हणते पहिलंच. मी तिच्याशी वाद घातला, पण फार नाही.

बोर्ड लागला. वरची ओळ तुझी, तांबडी, वीतभर अक्षरं, 'चंद्रप्रकाश चुंबक येथे मिळतील'. त्याखाली काळ्या रंगात, 'गाडीचे सर्व काम : शिवदास दत्ताराम'. अक्षरं तुझ्या निम्म्याने आहेत, मी शिडीवर चढून मोजली. शिडी अंबादासने धरली. अण्णांना म्हटलं, माझं एवढं बारीक का? तर म्हणाले, "वरचा लोकांक वाचूक. ज्याची गाडी बंद पडता तो खालचा वाचता."

मानखुर्दला नाही म्हणून कळवलं.

तुझ्या चुंबकाबद्दल माझं मत बदललेलं नाही, आणि तुझंही ते काही वेगळं असेल असं आता वाटत नाही. त्याचं काय करायचं ते तुझं तू बघ. अण्णांच्या ताटात ते उत्तम चालतं, तेवढं पत्रकात छाप.

एक शेवटचं. पूजा झाल्यावर मी गाडी तपासली. तुझी फट जरा मोठी लागली होती. पावसाने कार्ड फुगलं असणार, नाहीतर तुझा हात बिघडलाय. मी नीट करून ठेवली. पुढच्या रविवारी गाडी तुझ्याकडे येईल, आवाज ऐकून बघ, फरक कळेल तुला.

सोबत एक कोरं पोस्टकार्ड घातलंय. माझी पत्रं कापू नकोस. याच्या अर्ध्यावर उत्तर लिही आणि अर्धं अण्णांच्या गाडीसाठी ठेव.

शिवदास